आत्याचे कानमंत्र: तुझा दिवस जर्मनमध्ये

पोरी,

नर्सिंग पुरं करून तू आता जर्मनचं पुस्तक उघडलं आहेस, हे दादाकडून कळलं. नाव, गाव, वय सांगायचे धडे भराभर झाले आणि 'माझा दिवस' या धड्याशी येऊन गाडी अडली, असंही तो म्हणाला. तिथंच सगळ्यांची अडते. नाव-गाव सांगायला चार वाक्यं पुरतात. दिवस सांगायचा तर माणसाला उठावं लागतं, दात घासावे लागतात, कपडे घालावे लागतात, बस गाठावी लागते. जर्मनमधली ही क्रियापदं एक तर दोन तुकड्यांत येतात, नाही तर सोबत 'मिश' किंवा 'मिर' (मराठीत दोन्ही 'मला') घेऊन येतात, आणि काही मेली दोन्ही करतात. पाचगणीत शिकवत होते तोवर पोरं याच वळणावर अडखळताना मी पाहिली. कुठल्या बारीक सवयींनी ती सावरली, तेही पाहिलं. त्या सवयी इथं लिहिते आहे.

ही वाट आपल्या जिल्ह्याला परकी नाही. साताऱ्यात १९०९ साली जन्मलेले रा. ना. दांडेकर हायडेलबर्गला गेले, वैदिक माणसावरचा प्रबंध जर्मनमध्ये लिहून १९३८ साली डॉक्टरेट घेतली आणि पुढे पुण्याच्या भांडारकर संस्थेचं काम अनेक दशकं सांभाळलं. ते हायडेलबर्ग आज ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे, त्याच राज्याशी महाराष्ट्र सरकारनं २०२४ साली कुशल माणसं पाठवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुणांचा विचार होता, त्यात तुझ्यासारख्या नर्स आल्या आणि तुझ्या भावासारखे इलेक्ट्रिशियनही. दांडेकरांना वेद समजावून सांगायचे होते, तुला सकाळची पाळी समजावून सांगायची आहे. माझ्या मते दुसरं काम मुळीच हलकं नाही.

जर्मन शब्द मी देवनागरीत लिहिते आहे ते तुझ्या जिभेसाठी. वहीत रोमन लिपीतच लिही. 'झ' आहे तो 'झाड'मधला, आणि 'त्स' एका दमात म्हणायचा.

१. नवं क्रियापद वहीत लिहिताना सुट्या होणाऱ्या तुकड्यानंतर उभी रेघ मार: आउफ|श्टेएन म्हणजे उठणं, आन|त्सीएन म्हणजे कपडे घालणं, आइन|काउफन म्हणजे बाजार करणं — रेघ डोळ्यांनी पाहिलेली असली की बोलताना तुकडे पाडायला जीभ कचरत नाही.

२. त्याच ओळीत पुढे 'मिश' लागतो, 'मिर' लागतो की काहीच नाही, हेही लिही — नंतर भरू म्हणून मोकळी सोडलेली जागा परीक्षेपर्यंत मोकळीच राहते.

३. पहिलं वाक्य अंथरुणातच म्हण: इश श्टेए उम झेक्स ऊअर आउफ, मी सहाला उठते — कृती करता करता म्हटलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी ती कृतीच आठवून देते.

४. शेवटचा 'आउफ' गिळू नकोस — 'इश श्टेए' एवढंच म्हटलंस तर तू उठत नाहीस, नुसती उभी आहेस. अर्धं वाक्य, उलटा अर्थ.

५. असंच 'इश रूफे' आणि 'इश रूफे आन' यांचं — पहिल्यात तू हाक मारते आहेस, दुसऱ्यात फोन करते आहेस, आणि खोलीत झोपलेलं माणूस असेल तर या फरकाला फार किंमत आहे.

६. वाचतानाही आधी वाक्याच्या शेवटाकडे नजर टाक, मग शब्दकोश उघड — 'ह्योरे' पाहून 'ऐकणं' काढशील, आणि शेवटी बसलेल्या 'आउफ'मुळे अर्थ 'थांबणं' होता हे पान उलटल्यावर कळेल.

ही दोन टोकं नीट समजून घे, कारण सगळा धडा त्यांच्यावरच उभा आहे. जर्मन शिक्षक याला झाट्सक्लामर म्हणतात, म्हणजे वाक्याचा चिमटा. क्रियापदाचा मुख्य तुकडा दुसऱ्या जागी, सुटा तुकडा अगदी शेवटी, आणि वेळ, कारण, माणसं, जागा जे काही असेल ते मधे. दोरीवर चादर वाळत घालताना दोन्ही टोकांना चिमटे लावतेस ना, तसं. पाचगणीच्या वाऱ्यात एकच लावलास तर चादर शेजारच्यांच्या आवारात. वाक्य कितीही लांबलं तरी शेवटचा चिमटा लावल्याशिवाय श्वास सोडायचा नाही, एवढी एक शिस्त बाळग.

आणि इथंच मला सांगायची मुख्य गोष्ट येते. जर्मनकडे जाताना इंग्रजीवरून वळसा घेऊ नकोस, मराठीतून थेट जा. आपल्या मुलांना वाटतं, युरोपची भाषा आहे तर इंग्रजी जवळची पडेल. शब्दांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण दिवस सांगण्याच्या बाबतीत मराठी कितीतरी वेळा जास्त जवळची आहे.

७. मराठीत म्हणतेस तोच क्रम ठेव: मी सहा वाजता बसनं वाईला जाते, इश फारे उम झेक्स ऊअर मिट डेम बुस नाख वाई — आधी वेळ, मग कसं, मग कुठं. 'फारे' तेवढं पुढं आलं, बाकी सगळं जिथल्या तिथं. इंग्रजी हाच क्रम उलटा करतं. जर्मन वर्गांत यासाठी 'टेकामोलो' नावाची युक्ती पाठ करून घेतात, वेळ, कारण, रीत, जागा. तुला ती आईच्या दुधाबरोबर मिळाली आहे.

८. 'वाइल', म्हणजे 'कारण', आलं की क्रियापद शेवटी जातं आणि तुकडेही पुन्हा जुळतात: वाइल इश उम फ्युन्फ आउफश्टेए — 'कारण मी पाचला उठते' यातही क्रियापद शेवटीच आहे, तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही.

९. 'मुस', 'कान', 'विल' आले तरी तसंच, पूर्ण क्रियापद अखंड शेवटी: इश मुस उम फ्युन्फ आउफश्टेएन — पाचला उठावं लागतं. अडचणीच्या वेळी हे वाक्य जवळ ठेव, तुकडे पाडायची भीती वाटली की 'मुस' घालून सुटका होते.

१०. हात धुते म्हणताना 'माझे हात' म्हणू नकोस — मराठीत तू कधी 'मी माझे हात धुते' म्हणतेस का? जर्मनही म्हणत नाही. ते म्हणतं, इश वाशे मिर दी हेंडे. 'माझे' घुसतं ते इंग्रजीकडून.

मात्र एका जागी मराठी तुला फसवेल, ते आधीच सांगून ठेवते. 'आई मला बघते' आणि 'आई मला चहा देते', दोन्हीकडे आपला 'मला' एकच. जर्मनमध्ये पहिल्या ठिकाणी मिश, दुसऱ्या ठिकाणी मिर. आपल्या कानाला हा फरक कधी लागलेलाच नसतो, म्हणून हुशार पोरंही इथं वर्षभर चाचपडतात. नियम म्हटलं तर लहानच आहे.

११. वाक्यात तू एकटीच असशील तर मिश, हात-दात-केस-जॅकेट असं दुसरं काही आलं की मिर: इश वाशे मिश, पण इश वाशे मिर दी हेंडे — एका कामाला दोन माणसं लागत नाहीत. हातांनी मिशची जागा घेतली, म्हणून तो मिर झाला.

१२. सकाळच्या तीन ओळी गाण्यासारख्या पाठ कर: इश पुत्से मिर दी त्सेने, इश केमे मिर दी हारे, इश त्सीए मिर दी याके आन — दात, केस, जॅकेट. तीन मिर पक्के झाले की चौथा आपोआप येतो.

१३. भांडण फक्त मिश-मिर आणि दिश-दिर या दोन जोड्यांत आहे — 'तो', 'ती', 'ते' आणि आदराचा 'झी' यांना दोन्ही ठिकाणी एकच 'झिश', आणि 'आम्ही', 'तुम्ही' यांनाही प्रत्येकी एकच रूप. इतकं मोठं दिसणारं कोष्टक, अडचण दोनच ओळींची.

१४. मिशला क्रियापदाजवळ बसव, लांब ठेवू नकोस: इश त्सीए मिश श्नेल आन — आणि वाक्य 'मग'नं सुरू केलंस तर 'दान त्सीए इश मिश आन', आधी इश, लगेच मिश.

१५. काही क्रियापदांना मिश का लागतो ते विचारत बसू नकोस, नुसती सवय कर: बेआइलन म्हणजे घाई करणं, एरकेल्टन म्हणजे सर्दी होणं — धुक्यात भिजून आलीस की म्हण, इश हाबे मिश एरकेल्टेट. पाचगणीच्या पावसाळ्यात सरावाला तोटा नाही.

आता सापळे. दिसायला जवळजवळ सारखे, पण अर्थ दूरचा.

१६. इश त्सीए मिश उम म्हणजे कपडे बदलते, इश त्सीए उम म्हणजे घर बदलते — मिश विसरलीस तर वॉर्डातल्या बाया तुला खोके बांधायला मदत करायला येतील.

१७. इश श्टेले मिश फोर म्हणजे माझी ओळख करून देते, इश श्टेले मिर फोर म्हणजे मी कल्पना करते — मुलाखतीत पहिलंच वाक्य हे असतं, म्हणून हे आज रात्रीच दहा वेळा म्हण.

१८. दार आणि दिवा दोन्ही आपण 'बंद' करतो, जर्मन तसं करत नाहीत: दार त्सूमाखन, दिवा आउसमाखन — उघडायचं तर दार आउफ, लावायचा तर दिवा आन. दोन्ही जोड्या एकदम शिक, एकेकटी विसरते.

१९. जॅकेटला आन, पण चष्मा आणि टोपीला आउफझेत्सन — डोक्यावर जे चढतं त्याला 'आउफ', एवढी खूण पुरे.

२०. न्याहारी करणं, फ्र्युश्ट्युकन, हे दोन तुकड्यांचं दिसतं पण तोडायचं नाही: इश फ्र्युश्ट्युके उम आख्ट — पहिला तुकडा सुटा करून शेवटी नेणारी पोरं दरवर्षी भेटतात, तू त्यांत नको.

२१. बे, गे, एर, फेर, त्सेर, एन्ट, एम्प, मिस हे आठ तुकडे कधीच सुटत नाहीत — त्यांच्यावर आवाजाचा जोर पडत नाही. सुटणाऱ्या तुकड्यावर मात्र जोर हमखास पडतो, आउफश्टेएनमधला 'आउफ' ठसक्यात ऐकू येतो. मराठीत असा जोर अर्थ बदलत नाही, म्हणून कानाला मुद्दाम शिकवावं लागेल.

२२. 'इश फ्रॉये मिश आउफ झोनटाग', रविवारची वाट पाहते आहे, यातला 'आउफ' सुटा तुकडा नव्हे — तो रविवारचा आहे, रविवारजवळच राहणार. त्याला उचलून शेवटी नेऊ नकोस.

वेळेचं थोडं सविस्तर सांगते, कारण इथं चूक झाली तर व्याकरणाचे गुण जातात एवढ्यावर भागत नाही, पाळी चुकते. जर्मन माणूस 'हाल्प झीबन' म्हणतो तेव्हा त्याच्या तोंडी सात असतात आणि घड्याळात साडेसहा. अर्धा तास सातकडे गेला, असं तो मोजतो. आपल्या साडेसहात सहा ऐकू येतात, त्याच्यात सात. तू जिकडे जायचं म्हणते आहेस त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये तर बऱ्याच ठिकाणी याहून पुढं जातात: 'फिर्टल झीबन' म्हणजे सव्वासहा आणि 'द्रायफिर्टल झीबन' म्हणजे पावणेसात. पुस्तकात सव्वासहाला 'फिर्टल नाख झेक्स' शिकवतील, तेही बरोबर. पण वॉर्डातली म्हातारी पुस्तक वाचून बोलत नाही. पावणेसातमध्ये आपणही सातच बोलतो, तेवढा धागा धरून ठेव, बाकीचे त्याच्यामागून येतील.

२३. कुणी वेळ सांगितली की आकड्यात परत विचार: झेक्स ऊअर द्रायसिश? — घड्याळ चुकलं की माफीही उशिरा पोचते.

२४. पाळीची वेळ चोवीस तासांच्या घड्याळात शिक: दुपारचे दोन म्हणजे फिर्त्सेन ऊअर — ड्यूटीच्या तक्त्यावर सकाळ-संध्याकाळ लिहिलेलं नसतं.

२५. उशिरा जाग आली तर 'इश हाबे फेरश्लाफन' एवढं सरळ सांगून टाक — 'फेर' आहे, म्हणून इथं 'गे' लागत नाही. बसची आणि पावसाची गोष्ट त्याला जोडू नकोस.

बसवरून आठवलं. पसरणी घाटातली एसटी ही सुट्या क्रियापदांची उत्तम शाळा आहे. चढलीस, इश श्टाइगे आइन. उतरलीस, इश श्टाइगे आउस. वाईला गाडी बदललीस, इन वाई श्टाइगे इश उम. एकच 'श्टाइगे', पुढचा तुकडा बदलला की काम बदललं. पुण्यापर्यंतचा प्रवास एवढ्या तीन वाक्यांत होतो, वर गाडी सुटली 'फेर्ट आप' आणि पोचली 'कोम्ट आन'. खिडकीशी बसून मनातल्या मनात म्हणत जा.

२६. सराव स्वतःच्या दिवसावर कर, पुस्तकातल्या कुण्या म्युलरबाईंच्या दिवसावर नको — त्या सकाळी ब्रेड खातात आणि ट्रामनं ऑफिसला जातात, तू चहा करतेस आणि रानात स्ट्रॉबेरी तोडायला हात लावतेस. 'इश फ्ल्युके एर्टबेरन' हे तुझं खरं वाक्य आहे, खरं वाक्य लवकर बसतं.

२७. गावातल्या शाळांच्या घंटांना क्रियापदं बांध — १८९५ सालचं सेंट जोसेफ कॉन्व्हेंट असो की १९२२ सालचं संजीवन, वसतिगृहाचा दिवस घंटेवर चालतो आणि तू त्या घंटा ऐकतच वाढलीस. उठायची झाली, आउफश्टेएन. वर्गाची झाली, आनफांगन. दिवे मालवायची झाली, आउसमाखन.

२८. पहिल्या महिन्यात आठ-दहा क्रियापदंच घे, पण सगळ्या रूपांत घे: मी, तू, तो, आदराचं झी, प्रश्न, नकार — चाळीस क्रियापदं एकाच रूपात येणारी पोरगी 'तो' म्हणायची वेळ आली की गप्प होते.

२९. 'तो-ती'ला काही क्रियापदांचा स्वर बदलतो, ते वेगळ्या रंगानं लिही: इश फांगे आन पण एर फेंग्ट आन, इश श्लाफे आइन पण एर श्लेफ्ट आइन — रोगी 'तो' किंवा 'ती'च असणार, त्यामुळे तुला हीच रूपं जास्त लागतील.

३०. रोज रात्री चार वाक्यं मोठ्यानं, भिंतीशी का होईना — पाठ केलं ते परीक्षेपुरतं, तोंडी बसलं ते जन्मापुरतं.

आता ज्याच्यासाठी तू एवढी खटपट करते आहेस त्या कामाचं. हे नीट वाच, दोनदा वाच.

मराठीत आपण स्वतः 'अंघोळ करतो' आणि दुसऱ्याला 'अंघोळ घालतो'. स्वतः बसतो, दुसऱ्याला बसवतो. स्वतः आडवे होतो, दुसऱ्याला आडवं करतो. म्हणजे क्रियापदच बदलतो. जर्मन क्रियापद तेच ठेवतं आणि मिशच्या जागी त्या माणसाला आणून बसवतं. इश वाशे मिश, मी अंग धुते. इश वाशे दी पात्सिएंटिन, मी रोगी बाईंचं अंग धुते. इश झेत्से मिश, मी बसते. इश झेत्से दी पात्सिएंटिन आउफ डेन श्टूल, मी त्यांना खुर्चीत बसवते. इश लेगे मिश हिन, आडवी होते. इश लेगे दी पात्सिएंटिन हिन, त्यांना निजवते. इश त्सीए मिश आन, इश त्सीए दी पात्सिएंटिन आन. आजपर्यंत स्वतःच्या दिवसावर जेवढी वाक्यं घोटलीस, ती सगळी मिश काढून तिथं माणूस घातला की कामाची भाषा होतात. 'माझा दिवस' हा धडा नर्सला सगळ्यांत महत्त्वाचा आहे असं मी म्हणते, ते एवढ्यासाठी.

३१. नोंद लिहिताना 'झिश' तपासल्याशिवाय सही करू नकोस — 'वेश्ट झिश झेल्बस्टश्टेंडिश' लिहिलंस की बाई स्वतःची स्वतः अंग धुतात, मदत लागत नाही, असं पुढची पाळी समजते. मदत लागणाऱ्या बाईंच्या नावापुढं ते पडलं तर त्या न्हाणीघरात एकट्या उभ्या राहतील आणि ओली फरशी कुणाची वाट पाहत नाही.

३२. हात लावण्याआधी विचार: झोल इश ईनन हेल्फन, ओडर वाशन झी झिश झेल्बस्ट? मदत करू, की तुम्ही स्वतः धुणार? — म्हाताऱ्या माणसाचा मान त्या 'झेल्बस्ट'मध्ये आहे. विचारणाऱ्याचं पाऊल घसरत नाही.

३३. तुझ्या मिरचा इथं फायदा होतो: इश केमे मिर दी हारे, माझे केस विंचरते. इश केमे ईनन दी हारे, तुमचे विंचरते — मिरच्या जागी ईनन, बाकी अक्षरही हलत नाही.

३४. रोग्याला कायम 'झी' आणि आडनावापुढं 'फ्राउ' किंवा 'हेर': झेत्सन झी झिश, बिटे — आपल्याकडे आजीला माया म्हणून 'तू' चालतं, तिथं मायेनंही चालत नाही. 'झेत्स दिश' हे फक्त मैत्रिणीला आणि लहान मुलाला.

३५. पाळी बदलताना 'युबरगाबे' होते, म्हणजे काम पुढच्यांच्या हाती सोपवणं, त्यासाठी भूतकाळ हवाच: 'गे' सुट्या तुकड्याच्या आणि क्रियापदाच्या मधे जातो, आउफगेश्टांडन, आनगेरूफन, आइनगेकाउफ्ट — आणि रासीरन, म्हणजे दाढी करणं, याला मात्र 'गे' नाही, नुसतं रासीर्ट.

३६. दिनचर्येतलं 'झिश' असलेलं क्रियापद भूतकाळात नेताना डोळे मिटून 'हाबन' लाव, उठणं, झोप लागणं, पोचणं याला 'झाइन': झी हाट झिश हिनगेलेग्ट, आडवी झाली. झी इस्ट आइनगेश्लाफन, झोप लागली — एकाच म्हातारीची दोन वाक्यं, दोन वेगळी सहायक क्रियापदं. ही जोडी घोटून ठेव, रात्रपाळीत रोज लागेल.

परीक्षेबद्दल फार सांगत नाही, ते वर्गात सांगतीलच. गोएथे संस्थेच्या ए-१ या पहिल्या पातळीच्या परीक्षेला शंभरात साठ गुण लागतात. तोंडी परीक्षेचे तीन भाग असतात: ओळख, चिठ्ठीवरच्या शब्दावरून प्रश्नोत्तरं आणि विनंती. दोन सूचना तेवढ्या देते.

३७. प्रश्न विचारायची वेळ आली की 'वान श्टेएन झी आउफ?' हे तयार असू दे — 'आउफश्टेएन', 'आइनकाउफन', 'फेर्नझेएन' यांपैकी काही ना काही बहुतेक विषयांना जोडता येतं.

३८. विनंतीच्या भागात सुटं क्रियापद वापर: माखन झी बिटे दास फेन्स्टर त्सू, कृपया खिडकी लावा — शेवटचा 'त्सू' ऐकला की परीक्षकाला कळतं, पोरीला चिमटा कळला आहे.

३९. अडखळलीस तर वाक्य अर्धवट सोडून नवं सुरू करू नकोस, सावकाश शेवटच्या तुकड्यापर्यंत ने — हळू बोलल्याबद्दल कुणी गुण कापत नाही, शेवट नसलेलं वाक्य मात्र समजतच नाही.

आणि ए-१ म्हणजे उंबरठा. नर्स म्हणून मान्यता घ्यायला साधारणपणे बी-२ लागतं, ते वर्षभराहून जास्त काम आहे. घाईत कुणी 'तीन महिन्यांत पाठवतो' म्हणालं तर पैसे देण्याआधी दादाला आणि मला विचार.

४०. ज्या दिवशी अजिबात उत्साह नसेल त्या दिवशी एकच वाक्य म्हण: इश रूए मिश आउस, मी विश्रांती घेते — त्यात मिशही आहे, सुटा तुकडाही आहे. सराव बुडाला असं होत नाही.

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता मला फोन कर. उठल्यापासून झोपेपर्यंतचा दिवस सांग, आणि मग हाच दिवस वॉर्डातल्या एका आजीबाईंचा म्हणून पुन्हा सांग. चुकलीस तर मधे तोडणार नाही, शेवटी सांगेन. रूफ मिश आन, पोरी, वाट बघते आहे.

तुझी आत्या